सक्रिय कोण, निष्क्रिय कोण?

उष्णता, दाब, ध्वनि इत्यादिकांची वार्ता विजेच्या रूपानें आपणांस कळविणाऱ्या साधनास ट्रान्सड्यूसर म्हणतात. त्याचे सक्रिय व निष्क्रिय असे दोन प्रकार वर्गांत शिकविले जातात. हीं नांवें कानीं पडतांच पहिल्याविषयीं आदर व दुसऱ्याविषयीं कांहींसा अनादर मनांत उत्पन्न होतो. तो कितपत न्याय्य आहे, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाहेरील विजेवांचून जें स्वतःच वीज उत्पन्न करतें तें सक्रिय. दोन भिन्न धातूंचें वेटोळें करून त्याचा एक सांधा तापविला असतां जवळची चुंबकसूची हलते, असें झेबेक या जर्मन शास्त्रज्ञास १८२१ सालीं आढळलें. थर्मोकपलचा उगम तो हाच. आम्हींहि प्रयोगशाळेंत तांब्याच्या व लोखंडाच्या तारा पिळून एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेविला. घट कोठेंच नसतां गॅल्व्हानोमीटरचा कांटा सरकला, तेव्हांचा आनंद काय वर्णावा! दाबतांच वीज देणारे क्वार्ट्झचे स्फटिक याच कुळांतले. त्यांचा हा गुण क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं उघडकीस आणला.

निष्क्रिय साधन वीज निर्माण करीत नाहीं. बाहेरून मिळालेल्या विजेवर तें बदलाची खूण उमटवितें. प्लॅटिनमच्या एका प्रचलित तापमापकाचा रोध ० अंश सेल्सिअसला १०० ओहम, तर १०० अंशांस सुमारें १३८.५ ओहम असतो. मात्र प्रवाहच नसेल तर तें मुकें. गेल्या पावसाळ्यांत मध्यरात्रीं आमच्या धाकट्या बंधूस ताप भरला. घरांतील थर्मिस्टरच्या तापमापकाचा घट नेमका तेव्हांच संपला होता. आईनें कपाळावर हात ठेवूनच ती रात्र काढली. याउलट, कित्येक गॅसच्या शेगड्यांत ज्योत विझून थर्मोकपल निवतांच गॅसची झडप आपोआप मिटते. तेथें ही स्वावलंबनाची शक्ति प्राण वांचविते.

मग निष्क्रियास कमी लेखावें काय? बेलच्या १८७६ च्या टेलिफोनांत बोलणाऱ्याचा आवाजच वीज निर्मीत असे. पण ती फार क्षीण. एडिसननें १८७७ सालीं कोळशाचा प्रेषक पुढें आणला. त्यांत आवाजानें कोळसा दबून त्याचा रोध बदले व घटमालेचा प्रबळ प्रवाह ते शब्द दूरवर वाहून नेई. ज्यास आपण निष्क्रिय म्हणतों, त्यानेंच दूरदूरच्या माणसांस परस्परांशीं बोलतें केलें!

शिवाय कांहीं ग्रंथकार हीं नांवें अगदीं उलट योजितात. वीज मागणाऱ्यास ते सक्रिय म्हणतात. तेव्हां, वाचकहो, नांवावरून योग्यता ठरवूं नये. ‘तुला वीज कोण देतो, आणि ती न मिळाल्यास तूं काय करशील?’ एवढेंच प्रत्येक यंत्रास विचारावें व मगच त्याच्या हातीं काम सोंपवावें.