उजवीकडचा दिवा

मोटारगाडीला जे अनेक दिवे असतात, त्यांतील पुढचे मोठे दिवे चालकाच्या उपयोगाचे. त्यांच्या उजेडात त्याला रस्ता दिसतो. परंतु वळताना लुकलुकणारा लहानसा पिवळा दिवा, ज्याला आपण सर्वजण इंडिकेटर म्हणतो, तो स्वतः चालकाच्या काडीइतक्याही उपयोगाचा नाही. तो असतो मागून येणाऱ्या सायकलस्वारासाठी, समोरून येणाऱ्या बैलगाडीसाठी, रस्ता ओलांडू पाहणाऱ्या म्हातारीसाठी. मागचा दिवा तर चालकाला बसल्या जागेवरून दिसतही नाही. डॅशबोर्डवर एक हिरवा बाण लुकलुकतो, टिकटिक ऐकू येते, आणि तेवढ्यावरून बाहेर सर्व काही ठीक आहे असे त्याने मानावयाचे असते. हे मानणे केव्हा फसवे ठरते आणि तशा वेळी बिघाड कसा शोधावा, याविषयी आज वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

मी राहतो त्या उटनूरची ओळख पुष्कळ वाचकांना नसेल. आदिलाबाद जिल्ह्यातील हा डोंगराळ मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर आंध्र प्रदेशात आणि 2014 पासून तेलंगणात आहे. गोंड लोकांची वस्ती येथे मोठी. गोंडी, तेलुगू, मराठी, लंबाडी आणि उर्दू या पाचही भाषा बाजाराच्या दिवशी एका फेरीत कानी पडतात. गुडीहतनूरला नागपूर-हैदराबाद महामार्ग सोडला की इंद्रवेल्लीवरून उटनूरचा रस्ता लागतो. पौष अमावास्येला केसलापूरची नागोबाची जत्रा भरते, तेव्हा याच रस्त्याने माणसांची आणि बैलगाड्यांची रीघ लागते. कापसाच्या दिवसांत आदिलाबादच्या बाजाराकडे जाणारी, दोन्ही बाजूंनी फुगलेली वाहने येथूनच जातात. ज्या रस्त्यावर एकाची भाषा दुसऱ्याला समजेलच असे नाही, तेथे पिवळ्या दिव्याची भाषा मात्र सर्वांना एकसारखी समजावी लागते.

आमच्या धर्मग्रामाची पिकअप गाडी बरीच जुनी आहे. तांदळाची पोती, वसतिगृहाचे सामान आणि प्रसंगी दवाखान्यात न्यावयाचा रोगी, हे सर्व तीच वाहते. तिचे चालक वयाने माझ्याहून वडील; सबंध धर्मग्राम त्यांना दादा म्हणतो. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीच्या उजव्या इंडिकेटरची टिकटिक मधूनच फार जलद होऊ लागली. महामार्गावरील एका गॅरेजात महिनाभरात दोनदा फ्लॅशर बदलण्यात आला. दर वेळी दोन-चार दिवस बरे जात आणि पुन्हा तीच घाई सुरू होई.

अशातच एके सायंकाळी दादांनी मुख्य रस्ता सोडून एका गुड्याकडे, म्हणजे गोंडांच्या वाडीकडे, जाण्यासाठी गाडी उजवीकडे घेतली. मी शेजारी बसलो होतो. त्यांनी इंडिकेटर लावल्याचे मी पाहिले होते व टिकटिकही ऐकली होती. त्याच क्षणी मागून आलेली एक मोटारसायकल आमच्या उजव्या बाजूने पुढे जाऊ पाहत होती. तिच्यावर नवरा, बायको आणि मध्ये लहान मूल. दादांनी करकचून ब्रेक दाबला, मोटारसायकल कडेच्या चरात उतरली, आणि देवाच्या कृपेने खरचटण्यापलीकडे कोणाला काही झाले नाही. पण माणसे जमली. मोटारसायकलवाला थरथरत म्हणत होता की दिवा लागलाच नव्हता. दादा शपथेवर सांगत होते की दिवा लावला होता. जमलेल्यांनी दादांना खोटे ठरविले. चाळीस वर्षे गाडी हाकणाऱ्या त्या माणसाला म्हातारपणी डोळे गेले का, असेही कोणी विचारले. दादांनी उत्तर दिले नाही. परत येताना ते एवढेच म्हणाले, "फादर, उद्यापासून दुसरा चालक बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी झाडाखाली उभी करून आम्ही दोघे तिच्यापाशी बसलो. "दादा, कालची साक्ष आज गाडीलाच देऊ द्या," मी म्हणालो.

बिघाड शोधताना सर्वांत आधी काय चांगले आहे ते पाहावे, म्हणजे शोधावयाची जागा आपोआप लहान होते. डावा इंडिकेटर व्यवस्थित चालत होता. बॅटरी, फ्यूज आणि फ्लॅशर ही दोन्ही बाजूंना समाईक असतात. डावी बाजू बिनतक्रार चालते म्हणजे ही तिन्ही निर्दोष. दोनदा बदललेल्या फ्लॅशरचा मुळी अपराधच नव्हता! दोष उजव्या बाजूला, तेथील बल्ब, होल्डर आणि तारा यांतच असला पाहिजे.

मग टिकटिक जलद का होते? जुन्या काळच्या फ्लॅशरमध्ये विजेने तापून वाकणारी धातूची पट्टी वा ताणलेली तार असे. तापली की सर्किट तुटे, निवली की जुळे. त्यात एक बल्ब गेला की वीज कमी वाहून चाल मंदावे, किंवा दिवा नुसता जळत राही. पुढे आलेल्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरची रचना निराळी. बारा व्होल्टच्या गाडीत पुढे एक व मागे एक असे एकवीस वॉटचे दोन बल्ब जळले, तर साडेतीन अँपिअर वीज वाहते. एक बंद पडला की ती निम्मी होते. फ्लॅशरला हे कळते आणि तो मुद्दाम जवळजवळ दुप्पट वेगाने टिकटिकू लागतो. ती घाई म्हणजे चालकाला दिलेली वर्दी असते, की बाहेरचा तुझा एक दिवा लागत नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मिनिटाला 60 हून कमी नाही व 120 हून अधिक नाही, अशी या लुकलुकण्याची मर्यादा घालून दिली आहे. आमच्याकडे वर्दी आणणाऱ्यालाच दोनदा बडतर्फ केले गेले होते, आणि वर्दी कोणी वाचलीच नव्हती.

इंडिकेटर चालू ठेवून मी गाडीभोवती फेरी मारली. पुढचा उजवा दिवा लख्ख लुकलुकत होता. मागचा पिवळा दिवा अंधारा. पण त्याच्याच तालावर मागचे लाल दिवे अगदी मंद असे उघडझाप करीत होते. हे चिन्ह ज्याने एकदा पाहिले तो विसरणार नाही. गाडीत वीज तारेने दिव्यापर्यंत जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडी अंगातून. या परतीच्या वाटेला कारागीर 'अर्थ' म्हणतात. मागच्या एका बाजूच्या साऱ्या दिव्यांचा अर्थ बहुधा एकच असतो. तो तुटला की पिवळ्या दिव्यात आलेली वीज अडकते, आणि शेजारच्या लाल दिव्याच्या तारेतून, पलीकडच्या बाजूने, आडवाट शोधते. तेवढ्या क्षीण प्रवाहाने पिवळा बल्ब पेटत नाही.

बल्ब काढून पाहिला. तंतू शाबूत होता. होल्डरात हिरवट-पांढरा थर साचला होता, तो घासून काढला, तरी फरक पडला नाही. मग टेस्ट लॅम्प घेतला. त्याचा चिमटा चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टाला लावून टोक होल्डरातील टिकलीला टेकविले. टेस्ट लॅम्प झगझगीत लुकलुकू लागला. म्हणजे वीज दिव्यापर्यंत येत होती. चिमटा तेथून काढून दिव्याच्या पत्र्याच्या कवचाला लावला. टेस्ट लॅम्प विझला. जाण्याची वाट खुली, परतीची बंद. बल्ब पुन्हा बसवून कवच आणि चासी यांना तारेचा एक तुकडा जोडताच मागचा पिवळा दिवा भरउजेडाने लागला, आणि आत डॅशबोर्डवरची टिकटिक आपसूक संथ झाली. दादा ती बराच वेळ ऐकत राहिले.

कारणही सापडले. पासिंगच्या आधी गाडीच्या मागच्या भागाला रंग दिला होता, आणि तो दिव्याच्या कंसाखाली, जेथे लोखंड लोखंडाला टेकते तेथेही गेला होता. रंगातून वीज जात नाही. त्यानंतर केवळ बोल्टाच्या आट्यांतून अर्थ मिळत होता. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उडून आटेही गंजले. खड्ड्यांच्या हादऱ्याने तो गंजका जोड कधी जुळे, कधी सुटे. म्हणून फ्लॅशर बदलल्यावर दोन-चार दिवस बरे गेल्याचा भास होई. आणि त्या सायंकाळी दादांनी इंडिकेटर लावला, ब्रेकही दाबला, तरी मागच्या उजव्या बाजूला अंधारच होता. मोटारसायकलवाला खरे बोलत होता आणि दादाही खरे बोलत होते.

दुरुस्तीला अर्धा तास पुरला. बोल्ट काढून, कंसाखालचा रंग व गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडे केले. दिव्याच्या कवचापासून चासीपर्यंत एक स्वतंत्र अर्थची तार टाकली, दातेरी वॉशर घालून आवळली आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावले. खर्च एका फ्लॅशरच्या किमतीहूनही कमी आला.

येथे एक सूचना करून ठेवतो. पुष्कळजण हल्ली साध्या बल्बांच्या जागी एलईडी बल्ब बसवितात. त्यांना वीज फार थोडी लागते. त्यामुळे सर्व दिवे चांगले असूनही जुना फ्लॅशर बल्ब गेल्याचे समजून घाई करू लागतो. तेथे अर्थ तपासत न बसता एलईडीला योग्य असा फ्लॅशर घालावा. तसेच, चारही इंडिकेटर एकदम लावून चौक सरळ ओलांडण्याची जी चाल पडली आहे, ती सोडावी. एका बाजूने येणाऱ्याला त्यांतील एकच दिवा दिसतो, आणि आपण वळत आहोत असे तो समजतो.

हात बाहेर काढून वळण दाखविण्याच्या रीतीपासून दारखांबातून बाहेर येणाऱ्या बाणापर्यंत, आणि 1939 साली अमेरिकेतील ब्यूक मोटारीवर आलेल्या लुकलुकत्या दिव्यापर्यंत, या साधनाने पुष्कळ रूपे बदलली. काम मात्र एकच राहिले: आपल्या मनात काय आहे ते दुसऱ्याला वेळेवर कळविणे. आपण कळविले एवढ्याने हे काम पुरे होत नाही. त्याला ते पोचले पाहिजे. आणि पोचले की नाही, हे आतल्या हिरव्या बाणावरून कळत नाही. त्यासाठी खाली उतरून मागे जावे लागते, किंवा मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारावे लागते.

त्याच रविवारी दादा आणि मी त्या गुड्याच्या वळणापाशी गेलो. मोटारसायकलवाल्याचे घर जवळच होते. दादांनी गाडी त्याच्या अंगणासमोर उभी करून इंडिकेटर लावला आणि त्याला मागे नेऊन तो दाखविला. काय बिघडले होते तेही सांगितले. तो हसला व त्याने चहा मांडावयास सांगितले. दुसरा चालक शोधण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आता दर सोमवारी सकाळी गाडी काढण्यापूर्वी वसतिगृहातील एक मुलगा मागे उभा राहतो, दादा एकेक दिवा लावतात, आणि तो मोठ्याने ओरडून सांगतो, "डावा लागला! उजवा लागला! ब्रेक लागला!" या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्या वाचकांनी आपल्या मुलांना हे काम अवश्य सांगावे; मुले ते आनंदाने करतात.