माळ्यावरची माणसं

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुसलमानाला मुंबई कळते ती भेंडीबाजारापासून. गेटवे, चौपाटी नंतर. १९९५ पर्यंत हाजी मुंबईहून जहाजानं जायचे. त्यांना निरोप द्यायला गेलेली मंडळी परतताना या बाजारातून अत्तर, सुरमा, टोप्या घेऊन यायची. माझे चाचा तर तिथं सहा वर्षं राहिले. राहिले म्हणजे दिवसा बॅगांच्या दुकानात काम आणि रात्री त्याच दुकानाच्या माळ्यावर वळकटी. दारव्ह्याला दर महिन्याला मनीऑर्डर यायची.

तो मोहल्ला आता नव्यानं बांधला जातोय. बोहरी समाजाचे बावन्नावे दाई सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेनं २००९ साली सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट उभा राहिला. साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, तीन हजारांवर कुटुंबं, बाराशेवर दुकानं. जुनं पाडून टॉवर बांधायचे आणि पागडीवर राहणाऱ्याला तिथंच मालकीचं घर द्यायचं. पहिले दोन टॉवर २०२० च्या सुमारास तयार झाले. म्हटलं, बघून यावं.

मास्तरकीच्या पेन्शनीत मुंबईचा लॉज परवडत नाही. म्हणून हिशेब असा बसवला : संध्याकाळी धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी मुंबई आणि त्याच संध्याकाळी तीच गाडी परत. अंघोळ स्टेशनावर. पिशवीत घरच्या चपात्या अन् लोणचं. स्टेशनातून निघून क्रॉफर्ड मार्केट ओलांडलं की मोहम्मद अली रोड. रमतगमत अर्धा तास. डोक्यावरून २००२ साली झालेला जे. जे. उड्डाणपूल जातो. मोटारवाल्यांना बाजार दिसतही नाही. पायी चालणाऱ्याला तो फुकट मिळतो. रौदत ताहेरालाही तिकीट नाही. सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचा हा पांढऱ्या संगमरवरी मकबरा. आतल्या भिंतींवर सोनेरी अक्षरांत सबंध कुराण कोरलेलं आहे. मी तिथं बराच वेळ नुसता उभा होतो.

टॉवर चाळीसेक मजल्यांचे आहेत. मान दुखेस्तोवर वर बघितलं. खरं सांगतो, पहिल्यांदा मन खट्टू झालं. लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, खाली ओटा, ओट्यावर चार माणसं असं काही डोळ्यांसमोर घेऊन आलो होतो. आमच्या गावच्या बोहरी दोस्तानं बहिणीसाठी डबा दिला होता. तिचं घर टॉवरमध्येच. तिच्यापाशी मी ते बोलून दाखवलं. रिद्याची दोरी सारखी करत ती म्हणाली, ‘‘भाईजान, पुराने घर की बात लोग बडे प्यार से करते हैं. पानी चौथे माले पर हम चढाते थे.’’ आठ बिऱ्हाडांत दोन संडास, तेही गॅलरीच्या टोकाला. पावसाळ्यात छताला टेकू. मधली काही वर्षं ती माझगावच्या तात्पुरत्या घरात काढून आली होती. आता स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, दाराशी लिफ्ट. सासूबाईंना मात्र करमत नाही. त्या रोज खाली नेऊन बसवा म्हणतात.

पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली, ३३ माणसं गेली. तीही याच योजनेत पाडायची होती. हे आठवलं आणि गॅलऱ्यांचं दुःख आवरतं घेतलं. लांब राहणाऱ्याला जुन्या भिंती आवडायला काय जातं!

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. घर मिळालं ते कागदावर नाव असणाऱ्याला. कायद्यानं ते बरोबरच आहे. चाचांचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. त्यांच्यासारखी किती पोरं माळ्यावर, पायरीवर, पाळीपाळीनं एकाच खाटेवर झोपली आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर आमच्याकडची किती घरं चालली! पुनर्वसनाच्या यादीत माळा हा पत्ता नसतो.

जुन्या बाजूच्या एका बॅगवाल्याकडे काम करणारा पोरगा बोलण्यावरून आपल्याकडचा वाटला. विचारलं, तर दिग्रसचा निघाला. मी म्हटलं, ‘‘कुठं राहतोस?’’

‘‘मुंब्र्याला, अंकल. आम्ही सहा जण एका खोलीत.’’

‘‘माळ्यावर नाही झोपत?’’

‘‘शेठ झोपू देत नाही आता. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. पास काढलाय.’’

त्यानं चहा मागवला. पैसे देऊ दिले नाहीत.