घोड्याच्या रात्री चिमुरात

फेब्रुवारीत नागपूरकडून ताडोब्याच्या कोलारा गेटला जाणाऱ्या कितीतरी गाड्या चिमूर ओलांडतात. आत बसलेल्या मंडळींचं सगळं चित्त दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या सफारीत असतं. वाघीण बछड्यांसह दिसते म्हणतात, रिसॉर्टवाल्याने सकाळी पाचला तयार राहायला सांगितलंय. चिमुरात गाडी अडकते. समोर आकाशपाळण्याचं चाक, भोंग्यांचा गलका, रस्त्यावर उतरलेली बांगड्यांची आणि फुटाण्यांची दुकानं. ‘कसली तरी जत्रा दिसते,’ असं कुणीतरी म्हणतं आणि काच वर जाते.

ही जत्रा कसली तरी नाही. चिमूरच्या श्रीहरी बालाजीची ही घोडायात्रा. वसंत पंचमीला ती सुरू होते आणि महाशिवरात्रीपर्यंत गावाला घरी बसू देत नाही. तिचा कळस माघ शुद्ध त्रयोदशीच्या रात्री. त्या रात्री बालाजी रथावरच्या लाकडी घोड्यावर स्वार होऊन गावात निघतो. जमीन खणताना मूर्ती सापडली आणि तिथून देवस्थान उभं राहिलं, अशी कथा गावात सांगतात. चिमूर चंद्रपूर जिल्ह्यातलं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे 26 ऑगस्ट 1982 पर्यंत एकच जिल्हा होते, पुढे कागदावर वेगळे झाले. घोड्याच्या रात्री मात्र वैनगंगेच्या दोन्ही काठांची माणसं इथे एकाच गर्दीत उभी असतात. हल्लीच्या मतदारसंघाचं नावही गडचिरोली-चिमूर आहे, तेव्हा निवडणूक आयोगालाही ही सोयरीक मान्य असावी.

पाहुण्याची पहिली अडचण वेळेची. त्याला घड्याळातला आकडा हवा असतो. ‘घोडा केव्हा निघते जी?’ असं त्याने विचारावं आणि फुटाणेवाल्याने कागदाचा पुडा वळता वळता म्हणावं, ‘निघन ना बाप्पा, घाई काहून करता?’ माघातली थंडी अजून सरलेली नसते. चंद्र पौर्णिमेला दोनच तिथी कमी. पाठीवर झोपलेलं पोर, खांद्यावर घोंगडी, हातात चहाचा कप, अशी माणसं तासन्‌तास उभी असतात, आणि त्या उभं राहण्यात कुणाला काही गमावल्यासारखं वाटत नाही. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धान-जंगलाच्या पट्ट्याचा, माणूस रात्र जागायला तयारच असतो. धान निघालं की इथे गावोगाव मंडई, शंकरपट आणि रात्रभराची नाटकं सुरू होतात. वडश्याच्या नाटक कंपन्या रात्री दहा-अकराला पडदा उघडतात आणि उजाडायला आलं की खाली घेतात. ज्याला रात्रभराचं दुःख बैठक न मोडता बघायची सवय, त्याला घोड्यासाठी चार तास थांबणं काय अवघड! सफारीवाल्याला हे जमायला हवं खरं. तोही पाणवठ्याशी श्वास रोखून बसतोच.

असल्या रात्री कुठल्या कुठल्या शहरांची आठवण निघते. रथाच्या उत्सवाला पाहुणा म्हणून जायचं तर जगात क्योटोचं नाव आधी घेतात. तिथला गिओन उत्सव जुलैभर चालतो. 17 तारखेला मोठी मिरवणूक, 24 ला दुसरी. इसवी सन 869 मध्ये जपानात साथ पसरली तेव्हा देशाच्या 66 प्रांतांच्या नावे 66 भाले उभारून रोगाच्या देवतांना शांत केलं, ही त्याची सुरुवात मानतात. भाल्याचा पुढे रथ झाला. आज मोठ्या रथाची उंची शेंड्यापर्यंत 25 मीटरच्या घरात जाते आणि वजन 12 टनांच्या आसपास. सांगाडा बांधताना खिळा वापरत नाहीत, सगळं गवताच्या दोरांनी आवळतात. क्योटोतला जुलै दमट आणि घामट, पारा 35 च्या पुढे. पाहुणे पंखे हलवत हाश्श-हुश्श करतात. मे महिन्यात 46-47 अंश सोसणाऱ्या चंद्रपूरकराला त्याचं फारसं कौतुक वाटणार नाही, पण दमट उकाडा हा वेगळाच प्राणी आहे, हे त्याने आधी लक्षात घ्यावं.

आणि या रथांवर काय टांगलेलं असतं? फ्लेमिश विणकरांनी सोळाव्या शतकात विणलेली चित्रवस्त्रं, चिनी भरतकाम, आणि गालिचे. त्यांतले काही गालिचे दख्खनचे आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं सतराव्या-अठराव्या शतकात हिंदुस्थानातला माल नागासाकीच्या देजिमा बेटावर उतरवत. तिथून तो क्योटोच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला आणि त्यांनी आपापल्या गल्लीच्या रथाला तो नेसवला. युमिको कामादा या जपानी अभ्यासक बाईंनी या गालिच्यांचा माग काढून मोठा प्रबंध लिहिला आहे. दख्खनच्या मागावर उमललेली फुलं जुलैच्या उन्हात क्योटोच्या रस्त्यावरून दरवर्षी फिरतात, आणि आपण मराठी माणसं त्यांच्याखाली उभं राहून मोबाइलवर फोटो काढत ‘वा, काय जपानी कलाकुसर!’ म्हणतो.

पण तिथेही जाणता पाहुणा मिरवणुकीच्या सरळ रस्त्यावर उभा राहत नाही. तो चौक गाठतो. या रथांची चाकं वळत नाहीत. चौकात रथ थांबवून चाकांखाली बांबूच्या ओल्या पट्ट्या पसरतात, वर पाणी ओततात, पुढ्यात उभे असलेले दोघे पंखे हलवून इशारा देतात आणि दोरावरची माणसं एका हाकेसरशी बाजूला हिसका देतात. बारा टनांचा डोलारा हातभर सरकतो. पुन्हा पाणी, पुन्हा हाक. काटकोनात वळायला असे तीन-चार हिसके लागतात, आणि तेवढ्या वेळात सबंध रस्त्याचा श्वास वर गेलेला असतो. गावोगावच्या रथांचंही हेच. सरळ रस्त्यावर रथ कुणीही ओढावा, वळणावर मात्र जुनी माणसं पुढे येतात, तरण्या पोरांना मागे सारतात, विजेची तार बांबूने उचलून धरतात. कोणाच्या हातात किती वर्षांचं ज्ञान आहे ते तिथे कळतं.

मिरवणूक संपली की क्योटोचे रथ लगोलग सोडून ठेवतात. रस्त्यातली सगळी रोगराई रथाने गोळा केलेली असते, ती दारात कशाला ठेवायची? 2020 आणि 2021 साली कोविडमुळे ही मिरवणूक निघाली नाही. साथ हाकलायला निघालेल्या रथाला साथीनेच घरात बसवलं.

रोग बाहेर काढण्यासाठी काहीतरी सजवून गावातून फिरवायचं, ही कल्पना झाडीपट्टीला कुणी शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, पूर्व विदर्भात मारबत, म्हणजे इडापीडेचा पुतळा, निघते. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत 1880 च्या दशकापासून निघते, तिच्यासोबत त्या त्या वर्षीच्या पुढाऱ्यांची आणि महागाईची टिंगल करणारे बडगे निघतात, आणि वर्तमानपत्रांत रंगीत फोटो छापून येतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत तिचं रूप साधं. सकाळी पोरंसोरं गलका करत शिवेपर्यंत जातात आणि खोकला, ताप, ढेकूण, डास, सगळी इडापीडा मारबतीच्या नावाने पलीकडे ढकलून येतात. भर पावसाळा, धानात पाणी उभं, हिवतापाचा हंगाम. गडचिरोलीत हिवताप म्हणजे पुस्तकातला शब्द नाही, दरवर्षी दारात येणारा रोग आहे. तेव्हा डासाला नाव घेऊन हाकलणाऱ्या पोरांना हसण्याआधी पाहुण्याने आपल्या बॅगेतली डासांची मलमं मोजावीत.

त्याच दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा. हा बारक्यांचा रथोत्सव. सुताराने घडवलेला लाकडी नंदी, वीतभर उंचीचा किंवा पोराला वर बसता येईल एवढा. पायांना चार चाकं. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, पाठीवर आईच्या जुन्या साडीची झूल. डोळे पांढऱ्या-काळ्या रंगाचे, बहुधा थोडे तिरळे, कारण सुताराने ते शेवटी घाईत काढलेले असतात. पुढे दोरी बांधलेली, आणि दोरी धरणारा मालक चार वर्षांचा, कुणी शेतकरी झालेला, कुणी शिवाजी महाराज, कुणी मिशी काढून घ्यायला तयार नसल्याने नुसताच रडवेला. एक चाक हमखास अडतं. नंदी कलंडतो, मालक खाली बसतो, आजोबा वाकून चाक सरळ करतात, आणि मिरवणूक पुढे सरकते. या पोरांना घरोघरी पैसे आणि खाऊ मिळतो, त्याला बोजारा म्हणतात. बैलाच्या जिवावर वर्षभर जेवणाऱ्या मुलखात मोठ्यांचा पोळा आधी होतो, आणि बैल ज्यांच्या हाती अजून आलेला नाही त्यांचा दुसऱ्या दिवशी. बैल घरात उरले नाहीत तिथेही तान्हा पोळा भरतो आणि ट्रॅक्टरवाल्याचा नातूही नंदीच ओढतो.

लाकूड हा या भागाचा स्वभाव. बल्लारपूरच्या आगारातलं सागवान देशभर जातं. अयोध्येच्या राम मंदिरासाठी 29 मार्च 2023 ला सागवानाची पहिली खेप निघाली, तेव्हा बल्लारपूर ते चंद्रपूर त्या लाकडाचीच शोभायात्रा काढली. ट्रकवर ओंडके, पुढे-मागे नाचणारी पथकं, दुतर्फा माणसं. मंदिराचं दार अजून घडायचं होतं, त्याआधीच लाकडाला देवाचा मान मिळाला. सरकारी सोहळ्याचा थाट त्यात होता आणि दूरदर्शनच्या रामायणातले राम-सीताही हजर होते. तरी चंद्रपूरच्या बायाबापड्यांनी हात जोडले ते जंगलाच्या ओंडक्याला, हे नाकारता येणार नाही.

गडचिरोलीच्या सीमेवरून वाहणारी इंद्रावती वर जगदलपूरहून येते. तिथला बस्तरचा दसरा 75 दिवस चालतो आणि श्रावणाच्या तोंडाशी, हरेली अमावास्येला, लाकडाच्या पूजेने सुरू होतो. रथ दरवर्षी नवा बांधतात. कुठल्या गावाने लाकूड आणायचं, कुणी घडवायचं, दोर कुणी ओढायचा, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या वाटून दिलेलं. शेवटी एका रात्री माडिया मंडळी आठ चाकांचा तो रथ ‘चोरून’ कुम्हडाकोटच्या रानात नेतात, आणि राजाला तिथे जाऊन, त्यांच्यासोबत नव्या धानाचं जेवून, तो मागून आणावा लागतो. राजाने रयतेच्या पंगतीला बसायचं, तरच रथ परत. राजे गेले, पण ही अट अजून पाळतात. भामरागडच्या माणसाला जगदलपूर मुंबईपेक्षा फार जवळ आहे, हे नकाशा न बघताही समजावं.

चिमूरला मिरवणुकीची आणखी एक आठवण आहे आणि ती वगळून पुढे जाता येत नाही. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेलं गाव त्या दिवशी रस्त्यावर उतरलं. गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा शहीद झाला, चिडलेल्या जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले, आणि नंतर गावाने लष्कराचा जो जाच सोसला तो देशभर गाजला. देवाचं नाव बालाजी, हुतात्म्याचंही बालाजी. जिथे ती माणसं धावली त्याच गावात माघात घोडा निघतो. पाहुण्याला हे कुणी मुद्दाम सांगत नाही. विचारलं तर एखादे काकाजी हात धरून स्मारकाकडे घेऊन जातील.

घोडा येतो तेव्हा आधी आवाज येतो. गर्दी दुभंगते, लहानांना खांद्यावर घेतात, दारात आरतीची ताटं उजळतात. लाकडी घोडा दिव्यांच्या उजेडात माणसांच्या डोक्यांवरून पुढे येतो, आणि त्या हालचालीत लाकूड घडीभर लाकूड राहत नाही. मग तो पुढच्या आळीत जातो आणि मागे पायांखाली चुरलेले फुटाणे उरतात. पाहुणा एवढंच बघून परतला तर त्याने थोडंच बघितलं. दुपारी येऊन देवळाभोवतीची लगबग पाहावी, गल्लीतल्या म्हातारीशी दोन शब्द बोलावे, रात्री नाटकाच्या मंडपात डोकवावं, आणि महाशिवरात्रीला इथली यात्रा आटोपली की वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला जावं, जिथे नदी उत्तरेकडे वाहते आणि महाशिवरात्रीसाठी पुन्हा जत्रा भरते.

जपानने 2016 मध्ये आपले 33 रथोत्सव एकत्र बांधून युनेस्कोच्या यादीत नेले. ते मोठं काम. चिमूरच्या घोड्याला यादी नाही मिळाली तरी चालेल, पण तो कुणी घडवला, कुणाच्या हाताने निघतो, वळणावर कोण पुढे होतं, हे जुनी माणसं आहेत तोवर कुणीतरी लिहून ठेवायला हवं. नागपूर-चंद्रपूरच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या आणि इतिहासाच्या मुलांना याहून चांगला प्रकल्प कुठला?

ताडोब्याचा गाभा मंगळवारी बंद असतो, हे वाघाच्या पाहुण्यांना ठाऊक असतंच. माघात येणार असाल तर आधी पंचांगात त्रयोदशी बघा. माघ जमत नसेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाडीपट्टीतल्या कुठल्याही गावात या, फक्त खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवा. चार वर्षांच्या नंदीवाल्याकडे क्यूआर कोड नसतो.