तिचे सगळे ऐकून घेणारा प्रभू



मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आपण पुष्कळदा ऐकलेला आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक बाई गर्दीतून मागून येते, प्रभूच्या वस्त्राला हात लावते आणि त्याच क्षणी बरी होते. तिकडे याईराची मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे, बापाचा जीव टांगणीला लागला आहे. तरीही प्रभू येशू वाटेत थांबतो आणि आपल्याला कोणी स्पर्श केला, असे विचारतो. ती थरथरत पुढे येते आणि सगळी हकिगत खरी खरी सांगते.

तिचे दुखणे तर आधीच गेले होते. मग प्रभू का थांबला? आम्हांला वाटते, तिला बोलता यावे म्हणून. किती वैद्य झाले, किती पैसा गेला, तरी दुखणे वाढतच राहिले, हे सारे आज आपल्यापर्यंत पोहोचले आहे. आणि तिचे ऐकून झाल्यावर प्रभू तिला मुलगी म्हणून हाक मारतो. बारा वर्षे लोकांपासून दूर राहिलेल्या बाईला नाते मिळाले.

आमच्या धर्मग्रामातील आम्ही काहीजण रविवारी मिस्सेनंतर टिळकवाडी आणि आसपासच्या आजाऱ्यांना भेटायला जातो. कधी घरी, कधी दवाखान्यात. केसपेपरवर नाव, वय, बीपी, शुगर लिहिलेले असते. ते लागतेच. पण आजारी माणूस घरी कसा राहतो, कुणाच्या आधाराने राहतो, हे त्यालाच विचारावे लागते.

आपल्या सीमाभागात यात भाषेचीही अडचण येते. खानापूरकडच्या एका आजींची गोष्ट त्यांना विचारून, नावगाव न सांगता इथे देतो. त्यांना मधुमेह आहे. शुगर उतरून चक्कर आल्यामुळे त्यांना दोनतीनदा दाखल करावे लागले. डॉक्टर भले होते, “ऊट आयता?” असे रोज विचारायचे. आजी “हूं” म्हणायच्या. एके दिवशी आमच्यातील दोन्ही भाषा येणारी एक बहीण त्यांच्याजवळ बसून राहिली. हळूहळू आजी बोलू लागल्या. मुलगा गोव्याला कामाला गेल्यापासून एकटीसाठी दोनदा चूल कोण पेटवणार, म्हणून त्या फक्त रात्री भाकरी करायच्या. सकाळची गोळी मात्र नेमाने घ्यायच्या, उपाशीपोटी. बहिणीने हे डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगितले. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि शेजारच्या घरातून सकाळचा डबा ठरला. महागडी तपासणी एकही लागली नाही.

मिशन दवाखाने आपल्या लोकांना नवे नाहीत. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली काम सुरू केले, त्याच्या आठवणी आपल्याकडे कितीतरी घरांत आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. ते १९४६ साली तिथे आले. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करण्याचे काम त्यांनी केले. एक रुग्ण बरा होऊन गेला आणि काही दिवसांनी परत आला. त्याने सांगितले, हे हात भीक मागायला वाईट आहेत. वाकड्या बोटांकडे पाहून लोक पैसे तरी टाकत. आता तेही टाकत नाहीत, आणि रोगाच्या खुणा पाहून काम किंवा राहायला जागाही कुणी देत नाही. डॉक्टरांनी हे मनावर घेतले. त्यातून रुग्णांसाठी राहण्याची आणि सुतारकामासारखे कसब शिकण्याची सोय उभी राहिली. त्या माणसाने आपले गाऱ्हाणे सांगितले नसते, तर त्याचे हात बरे झाले एवढ्यावरच सारे थांबले असते.

आणखी एक गोष्ट जपायला हवी. आपल्याकडे साक्ष देण्याची चांगली रीत आहे. पण आजाऱ्याची कहाणी ही त्याची आहे. आमच्या ओळखीच्या एक ताई क्षयरोगातून पूर्ण बऱ्या झाल्या. प्रार्थनासभेत साक्ष द्याल का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “देईन, पण मुलीचे लग्न जुळेपर्यंत थांबा.” आम्ही थांबलो आहोत. मार्कच्या त्याच अध्यायात प्रभू गरसेकरांच्या प्रदेशातील माणसाला घरी जाऊन आपल्या लोकांना सांग म्हणतो, आणि याईराच्या घरी मात्र हे कुणाला कळू देऊ नका, अशी ताकीद देतो. कुणी बोलावे आणि कुणी गप्प राहावे, हे प्रभूने माणूस पाहून ठरवले. आपल्या उत्साहासाठी आपण कुणाचे दुखणे चव्हाट्यावर आणू नये.

११ फेब्रुवारीला आपण जागतिक रुग्णदिन पाळतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली तो ठरवून दिला. त्या दिवशी फळे आणि फुले घेऊन आपण जातोच. यंदा जाताना थोडा जास्त वेळही घेऊन जाऊ या. खुर्ची ओढून बसू या. “बरे वाटेल, प्रार्थना करतो,” असे म्हणण्याआधी “कसे चालले आहे, सांगा,” असे म्हणू या. औषधाबद्दल आपला सल्ला देऊ नये. काही महत्त्वाचे कळले, तर त्यांच्या संमतीने डॉक्टरांच्या किंवा नर्सताईंच्या कानावर घालावे. आणि ते गप्प राहिले, तर आपणही त्यांच्याजवळ गप्प बसावे.

हे प्रभू येशू, घाईच्या वाटेवरही तू थांबलास. आमच्या आजारी बंधुभगिनींना मन मोकळे करण्याचे धैर्य दे, आणि आम्हांला ऐकणारे कान दे. आमेन.