शून्यावी बैठक

कोल्हापुरात 'मोहिमेसाठी चार माणसे हवी आहेत' असे कोणी म्हटले, की ऐकणारा आधी स्वतःच्या पायांतल्या बुटांकडे पाहतो. आमच्याकडे मोहीम म्हणजे पन्हाळा ते पावनखिंड, जुलैचा पाऊस आणि गुडघाभर चिखल. २०१८ साली मी ओळखीच्या लोकांत असा निरोप फिरवला तेव्हा पहिले दोन प्रश्न आले ते मुक्काम कुठे आणि जेवणाचे काय, असे. मुक्काम राजारामपुरीतल्या माझ्या घराच्या माडीवर, आणि जेवण म्हणजे पोहे व चहा, असे उत्तर गेल्यावर बरेच जण गळाले. जे उरले त्यांना मी सांगितले, की आपण कुठेही जायचे नाही. बसल्या जागी गोष्ट रचायची आहे. त्यावर आणखी काही गळाले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. टेबलाभोवती बसून चार-पाच जणांनी मिळून रचलेली गोष्ट, असा हा खेळ असतो. एक जण सूत्रधार होतो. तो गाव, नदी, राजा, शत्रू असे सारे जग उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एकच पात्र घेतात आणि त्या पात्राने काय करावे एवढेच ठरवतात. परिणाम अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे आणि पडेल ते दान सर्वांनी मानायचे. हार-जीत नसते. एकच गोष्ट महिनोन्महिने चालते, तिला इंग्रजीत 'कँपेन' म्हणतात. तिला 'मोहीम' म्हणण्याचा आगाऊपणा माझा. या जातीचा पहिला छापील खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली काढला. मला त्याची गोडी लागली ती पुण्यात नोकरीला असताना. पुढे वडिलांच्या आजारपणामुळे २०१७ साली कोल्हापूरला परतलो, तेव्हा सामानात फाशांची एक पिशवी होती आणि खेळायला कोणी नव्हते.

खरे तर माणसे जमवण्यात या गावाचा हात कोणी धरू नये. पेठेपेठेत तालमी आणि मंडळे आहेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे, गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा. चार डोकी एकत्र आणणे इथे मुळीच अवघड नाही. चार डोकी जमणे आणि चौघांचे जमणे यांत मात्र अंतर आहे, आणि मराठीत दोन्हींना एकच क्रियापद असल्यामुळे ते माझ्या लवकर लक्षात आले नाही.

पहिला गट असा होता: अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, हौशी रंगभूमीवरचे एक नट, महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एक बाई, आणि माझा शाळेपासूनचा मित्र. मी काळ निवडला होता शिलाहारांच्या अखेरीचा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या यादव सिंघणाने दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य संपले. त्या पडझडीत खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातून ताम्रपटांची एक पेटी घेऊन कृष्णा ओलांडायची, अशी माझी कल्पना. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाच्या माथ्यावरचे मोकळे वर्तुळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही जागा का निवडली हे सांगावे लागणार नाही. दोन महिने खपून मी चाळीस पाने टिपणे काढली होती. कोण कुठे भेटेल, कोण दगा देईल, शेवटी पेटीत काय निघेल, सारे लिहून तयार होते.

पहिल्या तीन बैठकांतच गाडी अडखळू लागली. विद्यार्थ्याला लढाया हव्या होत्या. वाटेत व्यापारी भेटला तरी त्याचा हात तलवारीकडे जाई. नटांचे पात्र एकदा बोलू लागले की स्वगत संपेपर्यंत चहा निवत असे. बाई दर दहा मिनिटांनी, 'हे धान्य तेव्हा आपल्याकडे नव्हते,' असे म्हणून माझ्या बाजारपेठेतली एकेक पाटी उचलायला लावत. यांतले कोणीही वाईट खेळत नव्हते. प्रत्येक जण आपापला खेळ उत्तम खेळत होता; फक्त ते चार वेगळे खेळ होते.

मित्र मात्र सगळ्यांत समंजस, असे मला वाटे. तो कमी बोलत असे. त्याने पात्र घेतले होते मंदिरावर काम करणाऱ्या एका तरुण शिल्प्याचे. या शिल्प्याचा म्हातारा गुरू अर्धांगाने खाटेला खिळलेला आहे, हे त्याने स्वतःहून ठरवले होते. सहाव्या बैठकीत यादवांचे सैन्य जवळ आले आणि निघायची रात्र उजाडली. मी सगळ्यांना विचारले, 'निघताना बरोबर काय घेता?' मित्र म्हणाला, 'मी येत न्हाई. गुरुजी खाटेवर हाईत.'

माझ्या चाळीस पानांत शिल्पी नदीपलीकडे हवा होता; पेटीचे कुलूप त्यालाच उघडता येणार होते. मी समजावले, शेजाऱ्यांकडून निरोप आणवला, सैन्य आणखी जवळ आणले. तो हलला नाही. घड्याळात साडेदहा झाले होते आणि नट जांभया देत होते. तेव्हा मी म्हणालो, 'रात्रीतून गुरुजी गेले. आता तू मोकळा आहेस.'

तो काही बोलला नाही. त्याने फासे पिशवीत भरले, उरलेला चहा प्यायला आणि जिना उतरून गेला. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्याची आई आठ वर्षे अंथरुणाला होती आणि तिच्यासाठी त्याने बंगळूरची नोकरी नाकारली होती, हे मला पूर्ण ठाऊक होते. ठाऊक असणे आणि नेमक्या क्षणी आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल, आणि ते फारसे काही नाही.

गट महिन्याभरात विस्कटला. मी दोष दिला तो माणसांना. कोल्हापुरात या खेळाला लागणारी माणसेच नाहीत, असे मी पुण्याच्या मित्रांना फोनवर सांगत असे. या खेळाच्या जन्माची एक हकीकत मी तेव्हा वाचलेली होती, पण तिचा अर्थ घेतला नव्हता. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेसली नावाच्या तरुणाने ब्राउन्स्टाइन या काल्पनिक गावावर एक युद्धखेळ मांडला. नेहमीप्रमाणे दोन सैन्ये देण्याऐवजी त्याने काही खेळाडूंना गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या. खेळाडू युद्ध सोडून आपापसांत कारस्थाने करत बसले, त्याच्या आखणीचा बोजवारा उडाला आणि प्रयोग फसला असे समजून तो घरी गेला. खेळाडूंनी मात्र पुन्हा एकदा तसेच मांड, म्हणून त्याच्यामागे तगादा लावला. त्या मंडळीत डेव्ह आर्नेसन होता. म्हणजे सूत्रधाराची आखणी मोडली, तिथूनच हा खेळ सुरू झाला. माझी आखणी मोडत होती तेव्हा मी एका म्हाताऱ्याचा जीव घेऊन ती वाचवली.

२०१९च्या डिसेंबरात कामानिमित्त गगनबावड्याचा घाट उतरून सिंधुदुर्गात गेलो होतो. त्या रात्री एका गावच्या जत्रेत दशावतार होता. दशावताराच्या आख्यानाला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी काय व्हायचे एवढे आधी ठरते. संवाद नट उभ्या उभ्या रचतात. रंगमंचावर एक बाकडे, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. मध्यरात्र उलटल्यावर राजाने प्रधानाला राज्य सोपवले आणि आपण वनात जातो म्हणाला. प्रधानाने ते राज्य घेतलेच नाही. 'महाराज, मी तुमच्याबरोबर येणार,' असे म्हणून तो राजाच्या पायाशी बसला. राजा क्षणभर थांबला. पेटीवाल्याने ती पोकळी सुरांनी भरली. मग राजाने मुकुट काढून बाकड्यावर ठेवला, प्रधानाला हाताला धरून उठवले आणि दोघे मिळून वनात गेले. पुढचा तासभर आख्यान त्या रिकाम्या बाकड्याभोवती फिरले.

पहाटे प्रयोग संपल्यावर राजा झालेल्या वयस्क नटाला मी विचारले, की हे आधी ठरले होते का. तोंडावरचा रंग पुसत तो म्हणाला, 'नाय. आधी समोरच्याचा आयकूक व्हया; मगे आपला बोलूचा.' परतीच्या वाटेवर घाट चढताना मला माझी चाळीस पाने आठवत राहिली.

जानेवारीत मित्राकडे गेलो. मंगळवार पेठेतले जुने घर, आतल्या खोलीत आईची खाट. तो मधूनमधून उठून आत जाऊन येत होता. मी माफी मागितली तेव्हा तो हसला, पण लगेच नाही.

'मोकळा म्हणालास तू,' तो म्हणाला. 'त्यो शब्द घिऊनच घरी आलो बघ त्या रात्री.'

मग २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुराची गोष्ट त्याने सांगितली. बहीण आईजवळ राहायला आली होती, म्हणून तो शिरोळ तालुक्यात बोटीवर मदतीला गेला होता. एका घरात म्हातारा बोटीत बसेना. दावणीला म्हैस होती. पाणी उंबऱ्याच्या वर चढलेले. 'आम्ही त्याला अडाणी समजलो. लई बडबडलो. मग तिथंच थांबलो आणि म्हशीला उंचावर न्यायला जागा शोधली. तवा आला त्यो. तुझ्या गोष्टीत असता तर तू म्हैस मारली असतीस.' थोडे थांबून म्हणाला, 'तुला खेळगडी नकोच होते की रं. ऐकायला माणसं पायजे होती.'

त्यानंतर करोनाची दोन वर्षे गेली. त्याची आई २०२१ साली वारली. दुसरा गट जमला तो २०२२च्या दिवाळीनंतर, आणि या वेळी मी फासे खाली आणलेच नाहीत. हे खेळ खेळणाऱ्यांत 'सेशन झिरो' नावाची रीत आता रुळली आहे. मी तिला शून्यावी बैठक म्हणतो. या बैठकीत खेळायचे नाही, फक्त बोलायचे. आपण इथे कशासाठी आलो, गोष्ट कोणत्या रंगाची हवी, किती वेळ देता येईल, आणि गोष्टीत काय अजिबात नको. जॉन स्टॅव्हरोपोलोस या खेळाडूने सुचवलेली एक युक्तीही आम्ही घेतली: टेबलावर फुली काढलेले एक पत्ता-कार्ड ठेवायचे, आणि कोणी त्याला बोट लावले तर तो प्रसंग तिथेच सोडून द्यायचा, कारण न विचारता.

इतिहासाच्या बाई परत आल्या. आपल्याला धान्याची चूक सहन होत नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकले, तेव्हा बाजारपेठ त्यांच्याकडेच सोपवली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले; त्यांना नातवंडांना सांगता येईल अशी गोष्ट हवी होती. पाळीपाळीने काम करणाऱ्या एक परिचारिका आल्या आणि त्यांच्या रजेप्रमाणे आम्ही एकाआड एक रविवार धरला. 'रुग्णालय नको, बाकी काहीही चालेल,' ही त्यांची अट. एक हौशी चित्रकार दोन तास ऐकून म्हणाला, की मला भरपूर लढाया हव्यात, हे माझे ठिकाण नव्हे. त्याला मी त्या जुन्या विद्यार्थ्याचा नंबर दिला. त्याचा स्वतःचा गट तोवर जोरात चालू होता आणि रक्ताचे पाट वाहत होते. दोघेही सुखात आहेत. तीन महिन्यांनी मोडणारा गट दोन तासांत मोडला तर त्यात कोणाचेच नुकसान होत नाही.

मित्र सर्वांत शेवटी बोलला. मी विचारले, गुरुजींना परत आणू का. तो म्हणाला, 'नगं. गेलं ते गेलं. शिल्पी आता तुझा, तूच चालव त्याला.' स्वतःसाठी त्याने नवे पात्र घेतले: कृष्णेच्या काठचा नावाडी. निर्वासितांचा लोंढा नदीवर येतो, तेव्हा कोणाला पार न्यायचे आणि कधी, हे ठरवणारा तो. स्वतः मात्र कुठेच न जाणारा.

माझी चाळीस पाने कपाटात आहेत. आमची मोहीम अजून चालू आहे आणि पेटी अजून अलीकडच्या काठावरच आहे. गेल्या बैठकीत काकांचा व्यापारी घाईघाईने नावेत चढला, तेव्हा नावाड्याने त्याला विचारले, 'घरी मागं कोण हाय?' काका बराच वेळ गप्प बसले. मीही काही सुचवले नाही.