मोकळ्या पाण्याकडे पाहावे

होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर ड्यूक कहानामोकूचा ब्राँझचा पुतळा आहे. १९९० साली तो बसवला आणि तेव्हापासून तेथल्या जाणत्यांची एक तक्रार आहे : पुतळ्याची पाठ समुद्राकडे आहे! १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक पटकावणारा, १९१४-१५ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाला फळीवरून लाटेवर स्वार होणे दाखवणारा हा वीर समुद्राला पाठ दाखवील कसा?

ही तक्रार नुसत्या भावनेची नाही, हे मला माझ्या भाचीमुळे कळले. नोकरीनिमित्त ती तिकडे असते आणि सुटीच्या दिवशी सर्फिंग शिकते. हवाईची माणसे या खेळाला 'हेए नालु' म्हणतात. हेए म्हणजे घसरणे, नालु म्हणजे लाट. तिचे गुरुजी साठी उलटलेले. तिथल्या रिवाजाप्रमाणे सारे त्यांना 'अंकल' म्हणतात. शिकवण पायांची असेल असे मला वाटले होते. निघाली ती डोळ्यांची!

पहिला पाठ क्षितिजाचा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मध्ये पाणी स्वस्थ असते. दूरवर काळसर रेघ उठली की घोळका निघाला म्हणून समजावे. पाठ फिरवणाऱ्याला ती रेघ दिसणार कशी?

दुसरा पाठ किनाऱ्याचा. फळीवर बसल्या बसल्या प्रवाह माणसाला नकळत वाहून नेतो. म्हणून डायमंड हेडचा सुळका आणि एखाद्या इमारतीचा कोपरा एका रेषेत धरून ठेवायचा. रेषा मोडली की जागा सुटली. आमच्या कोकणातल्या कोळ्यांनाही डोंगर आणि देवळाचा कळस जुळवून समुद्रातली जागा ओळखण्याची विद्या परकी नाही.

तिसरा पाठ सर्वांत कठीण. लाटेवर उभे राहताच नवखा माणूस आपल्या पायांकडे बघतो. मान झुकते, भार पुढे जातो, फळीचे टोक पाण्यात घुसते आणि स्वारी पाण्यात! मान वर असली आणि जायचे तिकडे वळली, की तिच्यामागे खांदे वळतात, खांद्यांमागे कंबर आणि कंबरेमागे पावलांखालची फळी.

एका सकाळी मी अंकलजवळ कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. भाची लाटेवर उभी राहिली आणि नेमका तिच्या वाटेत एक सात-आठ वर्षांचा मुलगा आला. भीतीने तिची नजर त्याच्यावर खिळली आणि फळीही सरळ त्याच्याकडेच निघाली. माझ्या तोंडून 'अगं, पोर बघ!' निघणार, तोच अंकल कडाडले, "त्याच्याकडे नको, मुली! मोकळ्या पाण्याकडे बघ!"

तिने मान उजवीकडे फिरवली. फळी वळली. मुलापासून दोन हातांवरून ती निघून गेली. त्या पोराला काही कळलेही नाही. ते हसत होते. माझे पाय मात्र पाण्यातही लटपटत होते.

"संकट दिसले पाहिजे," अंकल मला म्हणाले, "पण त्याच्याकडे टक लावू नये. जिकडे टक, तिकडे फळी."

वीस वर्षे मी मुलांच्या निबंधांतल्या चुकांखाली तांबड्या रेघा ओढत आलो आहे. हल्ली वही परत करताना त्यातले एक चांगले वाक्य मी आधी मोठ्याने वाचून दाखवतो.