इंद्रायणीच्या डोहाकांठीं

वडिलांच्या मागें घरच्या कागदपत्रांची वाटणी करावयाची होती. त्यापूर्वीं एकदां देहूस जाऊन यावें, असें आम्हां दोघां भावांनीं ठरविलें. कागद फारसे नव्हते. पण त्यांत एक वही होती, आणि कोणाकोणास हातउसन्या दिलेल्या रकमा वडिलांनीं तींत स्वतःच्या अक्षरांत टिपून ठेविल्या होत्या. देणेकरी बहुतेक नात्यांतले. त्यांतले एकदोन तर सध्यां अगदीं ओढग्रस्त. सारी वही फाडून टाकावी, असें थोरल्याचें म्हणणें. धाकट्यास मुलींचीं शिक्षणें व घराचे हप्ते दिसत होते. या वहीपायीं आमच्यांत प्रथमच कटुता आली होती.

देहू पुण्याच्या वायव्येस सुमारें 30 किलोमीटरांवर आहे. आगगाडीनें देहूरोड स्थानकावर उतरून पुढें रस्त्यानें गेलें, कीं इंद्रायणीच्या कांठीं गांव लागतें. देऊळवाड्यांत विठ्ठल-रखुमाईचें दर्शन घेतलें. ज्या शिलेवर तुकोबांनीं 13 दिवस अन्नपाणी वर्ज्य केलें असें सांगतात, तिच्यावरील नवें मंदिर 14 जून 2022 रोजीं भाविकांस खुलें झालें. तेथें मस्तक टेकून आम्ही डोहाकडे वळलों.

डोहाचें पाणी आतां पूर्वींसारखें निर्मळ राहिलेलें नाहीं. वस्त्यांचें व कारखान्यांचें सांडपाणी नदींत येतें आणि जलपर्णी साचते. तरीही घाटाच्या पायरीवर बसलें, कीं मन आपोआप मागें जातें. याच पाण्यांत तुकोबांचे कागद दोन वेळां बुडाले.

पहिले कागद सावकारीचे. तुकोबांचें घर महाजनकीचें, व्यापारउदिमाचें व देवघेवीचें. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळांत व्यापार बुडाला आणि प्रथम पत्नी अन्नावांचून गेली. पुढें विरक्ति आल्यावर वडिलार्जित खतें त्यांनीं इंद्रायणींत सोडून दिलीं. दुसरे कागद अभंगांच्या वह्यांचे. वाघोलीच्या विद्वान् रामेश्वरभटांनीं आक्षेप घेतल्यावरून त्याही याच डोहांत गेल्या, व तेरा दिवसांनीं कोरड्या वर आल्या, अशी कथा आहे. हेच रामेश्वरभट पुढें तुकोबांचे भक्त झाले. आपल्यासारख्या पोथ्या वाचणाऱ्या घरांनीं हें विसरूं नये, कीं शास्त्र मुखोद्गत असूनही विवेक उशिरां येऊं शकतो.

कथेची परीक्षा घेण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण जें उघड दिसतें तें असें: खतांतल्या एकाही रकमेचा आंकडा आज कोणास ठाऊक नाहीं. उलट चाकणच्या संताजी जगनाड्यांनीं अभंग लिहून ठेविल्याचें परंपरा सांगते. वारकऱ्यांनीं ते कंठांत जपले. आणि मुंबई सरकारच्या साहाय्यानें 1869 व 1873 सालीं गाथेचे दोन भाग इंदुप्रकाश छापखान्यांतून बाहेर पडले. एका घराची संपत्ति पाण्यांत गेली; त्याच घरचें ईश्वरी ज्ञान साऱ्या महाराष्ट्राची मिराशी झालें.

एवढें बोलून झाल्यावर थोरल्यानें धाकट्याकडे पाहिलें. त्या पाहण्याचा अर्थ धाकट्यानें ओळखला. तो शांतपणें म्हणाला, "दादा, तुम्ही कान्होबाला विसरलांत."

खरेंच विसरलों होतों. चरित्रकार सांगतात, कीं तुकोबांनीं सारीं खतें बुडविलीं नाहींत. अर्धीं धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हातीं दिलीं, आणि स्वतःच्या वांट्याचीं तेवढीं पाण्यांत सोडलीं. भावाला त्याच्या संसारापुरतें त्याचें ठेविलें. त्याच्या वैराग्याची घाई केली नाहीं.

थोरला बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. सारी वही फाडा, असें म्हणतांना आपल्या मनांत औदार्यच आहे, अशी त्याची समजूत होती. भावाच्या पैशानें आपण पुण्य जोडूं पाहत होतों, हें त्यास त्या पायरीवर कळलें. धनाचा लोभ ओळखूं येतो. चांगुलपणाच्या नांवाखालीं लपलेला लोभ ओळखण्यास मात्र निराळी दृष्टि लागते. ती दृष्टि पैशानें मिळत नाहीं, आणि नुसता पैसा टाकल्यानेंही मिळत नाहीं.

घरीं परत आल्यावर आम्हीं वहींतलीं नांवें निम्मीं निम्मीं वांटून घेतलीं. थोरल्यानें आपल्या वांट्याच्या नांवांवर त्याच रात्रीं रेघ मारली. धाकट्यानें आपलीं पानें घडी करून कपाटांत ठेविलीं. "माझा विचार अजून झालेला नाहीं," तो म्हणाला. थोरल्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं. कित्येक महिन्यांनीं त्या रात्रीं आम्ही दोघे एका पंक्तीस जेवलों.